उखळावरचं पाणी

पिंपरी-चिंचवड शहरात जेवढे म्हणून नळ आहेत, त्या सगळ्यांचा मालक एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. महापालिकेला हे अजून कुणी कळवलेलं नाही, एवढंच. मामा कुणाच्याही घरी गेले की चपला दारात, पिशवी खुर्चीवर आणि मामा थेट मोरीत. घरातली माणसं 'या, बसा' म्हणायला बाहेर येईपर्यंत आतून पाना फिरल्याचा आवाज यायला लागलेला असतो. मग टोपी सारखी करत ते बाहेर येतात, "वायसर गेलं हुतं, बसवलंय" असं सांगतात आणि चहाची वाट बघत बसतात. चारचौघांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असतं, मामांच्या खिशात रबरी वायसरं असतात. तीही खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत. एकदा माझ्या आईला आमच्या घरी जोराची ढास लागली. तिनं मामांच्या खिशातली डबी बघून गोळी मागितली आणि मामांनी भिडेपोटी डबी पुढे केली. आईनं एक वायसर उचलून तोंडाजवळ नेलं, तेव्हा मामा अतिशय नम्रपणे म्हणाले, "विहीणबाई, ते अर्ध्या इंचाचं हाय."

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. मामा तेच काम फुकट करतात आणि त्याला काळवेळ लागत नाही. आमच्या लग्नात गुरुजींनी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं दोनदा पुकारलं, तिसऱ्यांदा जरा रागानं पुकारलं, तरी मामांचा पत्ता नव्हता. ते पंगतीच्या हॉलमागे हात धुवायच्या नळांशी होते. एक नळ दुरुस्त करताना त्यांना कार्यालयाच्या माणसानं पाहिलं, प्लंबर आला असं समजून गच्चीवर नेलं आणि वाहणारी टाकी दाखवली. मामांनी आपण मुलीचे मामा आहोत हे सांगितलं नाही, कारण टाकी वाहत होती. शेवटी फेटा तिरपा, बाह्या कोपरापर्यंत ओल्या अशा अवतारात ते आले आणि भाचीचा दंड धरून तिला घेऊन उभे राहिले. त्यांचा हात बर्फासारखा गार लागला तेव्हा मामांना भरून आलंय असं वाटून ती रडली होती. फोटोत तिच्या शालूवर मामांच्या बोटांचे ओले डाग अजून स्पष्ट दिसतात.

या वेडाचं मूळ पवनेच्या धरणात आहे, अगदी शब्दशः. मामांचं गाव त्या धरणाखाली गेलं. मामा तेव्हा दुसरीत होते. पुढे सगळं घर पिंपरीला एका खोलीत आलं, मामा मोठे होऊन कंपनीत लागले, रिटायर झाले, आणि आता आमच्याच सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पण शहराच्या नळाला येणारं पाणी हे आपल्या गावावरून येतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून एक दिवस गेली नाही. घरी आलेल्या पाहुण्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला की मामा हळूच म्हणणार, "आत्ता तुमी आमच्या शाळंवरचं पाणी प्यालात." हॉटेलात वेटरनं बाटली आणली की विचारणार, "ह्ये कुठल्या गावाचं?" बिचारा वेटर लेबल वाचत बसतो. मी दाढी करताना नळ सोडून ठेवतो अशी चुगली माझ्या बायकोनं एकदा केली, तेव्हा मामा मला रागावले नाहीत. "जावईबापू, आमचं गाव हाय ते. जरा बेतानं," इतकंच म्हणाले. तेव्हापासून मी दाढी मगात पाणी घेऊन करतो.

मधल्या काळात शहराला दुसऱ्या धरणांचंही पाणी यायला लागलं. एक दिवसाआड येणाऱ्या पाण्याला कंटाळलेलं सगळं शहर सुखावलं. आमच्या भागात ते पाणी आलं त्या सकाळी मामांनी घोटभर तोंडात घेतलं, बराच वेळ घोळवलं आणि गिळून म्हणाले, "ह्ये आपलं न्हाई. पाव्हन्यांचं हाय." मला वाटलं, आता तरी पाळत सुटेल. पण झालं उलटंच. पुढचा महिनाभर ते जिन्यात भेटेल त्याला बजावत होते, की घरचं सांडलं तर एक वेळ चालतं, पाव्हण्याचं सांडू नये, त्यांची बी गावं हायत खाली.

शहरात एवढे पूल झाले, मेट्रो आली, पण मामांना त्याचं काही नाही. जमिनीखालचं काम म्हटलं की मात्र त्यांच्या अंगात येतं. आमच्या रस्त्यावर जुनी गळकी लाइन काढून नवीन टाकायला खोदाई झाली, तेव्हा सगळी सोसायटी धुळीनं आणि ट्रॅफिकनं वैतागली होती. मी तर चाकणला रोज उशिरा पोचून साहेबांची बोलणी खात होतो. मामा त्या चरीच्या काठावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे. पहिला पाइप खाली सोडायच्या दिवशी ते पिंपरीच्या मंडईत जाऊन झेंडूचा हार घेऊन आले. "चाचा, ये किसके लिये?" असं क्रेनवाल्यानं विचारलं. "पुलाला समदेच हार घालत्यात," असं त्याला अस्सल मावळीत सांगून मामांनी तो हार पाइपाच्या गळ्यात घातला. क्रेनवाल्याला एक अक्षर कळलं नसावं, पण त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

असा माणूस सोसायटीचा चेअरमन झाला नसता तरच नवल. दुसरं कुणी तयार नव्हतं हेही खरं. चेअरमन झाल्याबरोबर मामांनी बिल्डरनं बांधून दिलेलं आणि कित्येक वर्षं बंद पडलेलं सांडपाण्याचं यंत्र चालू करायचं काढलं. ते शुद्ध केलेलं पाणी संडासाला आणि बागेला वापरायचं. सभेत गदारोळ झाला. चौथ्या मजल्यावरचे एक साहेब इंग्रजीतून म्हणाले, की घरभर वास सुटेल, डाग पडतील. मामा उठले, डोक्यावरची पांढरीशुभ्र टोपी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "म्हैनाभर त्याच पान्यात धुतोय. घ्या वास." दुसऱ्याच्या टोपीचा वास घ्यायची कुणाची तयारी असते? साहेबांनी ती दोन बोटांत धरून पुढच्याकडे दिली, त्यानं त्याच्या पुढच्याकडे. टोपी सगळ्या सभेत फिरून परत आली तोवर ठराव पास झाला होता. आज आमच्याकडे टँकर येत नाही आणि छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये उतरतं. आजूबाजूच्या सोसायट्यांची माणसं ते बघायला येतात. मामा त्यांना सगळं हौसेनं दाखवतात आणि जाताना त्यांच्या घरचे नळ गळतात का ते विचारून घेतात.

फक्त उन्हाळ्यात मामांचं काहीतरी बिनसतं. पेपरात रोज धरणाच्या पाण्याचा आकडा येतो. लोक भविष्य वाचतात तसा मामा तो वाचतात. आकडा उतरायला लागला की ते काळजीनं पाणी आणखी जपून वापरायला सांगतात, आणि त्याच वेळी त्यांचे डोळे चमकत असतात. याचा अर्थ मला बरीच वर्षं लागत नव्हता. मग एका वर्षी पाऊस फार लांबला, नळाला पाणी यायचे वांधे झाले, आणि एका सकाळी मामा नवा सदरा घालून दारात उभे राहिले. "चला," म्हणाले, "घरला जाऊन येऊ."

आम्ही तिघं गेलो. धरणाचं पाणी पार आत सरकलं होतं. भेगाळलेल्या चिखलातून मामा झपाझप पुढे, मी आणि माझी बायको ठेचकाळत मागे. त्यांनी घरांची दोन दगडी जोती ओलांडली, तिसऱ्यापाशी थांबले आणि चपला काढल्या. दार नव्हतं, भिंती नव्हत्या, पण मामा जिथून आत शिरले तिथे उंबरा असावा. आत जमिनीत रोवलेलं एक दगडी उखळ होतं, गाळानं भरलेलं. मामांनी खाली बसून दोन्ही हातांनी गाळ उपसला, धोतराच्या सोग्यानं ते आतून पुसलं आणि भाचीचा हात धरून त्यात घातला. "बघ कसं गुळगुळीत हाय. तुझ्या आजीनं कांडून कांडून केलंय." गाव सोडताना वासे, कौलं, दारं, जातं, पाटा, सगळं बैलगाडीत चढलं होतं. उखळ तेवढं जमिनीतून निघेना. तेव्हा मामांची आई म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे. लागंल." कुणाला लागणार होतं, हे तिला कुणी विचारलं नाही. पुढे पिंपरीच्या खोलीत दुकानातला पॉलिशचा तांदूळ यायचा, त्याला उखळाची गरजच नव्हती. पण पोरांनी नळ उघडा टाकला की ती आतून ओरडायची, "बंद करा रं, घर व्हाऊन चाललंय आपलं." मामा हे सांगताना उखळाच्या काठावरून अंगठा फिरवत होते. नळांची सगळी टवाळी मी त्या दिवशी मनातल्या मनात गिळून टाकली.

त्यानंतर उखळ पुन्हा वर आलं नाही. यंदा डॉक्टरांनी मामांना गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं, आणि चिखलातून चढउतार विसरा असंही सांगितलं. तेव्हा मामांनी ठरवलं, की ऑपरेशनआधी उखळ घरी आणायचं. सोसायटीच्या फाटकाजवळ, बागेच्या नळाशेजारी, त्यांनी जमिनीत एक चौकोनी खड्डा खणून कडेनं सिमेंट करून घेतलं. झेंड्याचा खांब येणार, असं काहींना वाटलं. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांना मामांचा पुतळा येणार अशी धास्ती होती. पेपरातला आकडा काही उखळापर्यंत उतरलेला नव्हता, हे मला ठाऊक होतं आणि मामांना तर होतंच. मी तसं म्हणून बघितलं. "पेपरवालं काय तितं जाऊन बघत्यात?" मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पाऊस तोंडावर आला होता आणि त्यांना थांबायला वेळ नव्हता.

ओळखीचा एक छोटा टेम्पो, पहार, दोर आणि पोत्यांची चवड घेऊन आम्ही निघालो. तळेगाव गेलं, कामशेत गेलं, मामा पहार मांडीशी धरून बसले होते. काठावर उतरलो तर समोर पाणी. स्वच्छ, निळं, भरपूर पाणी. अलीकडची दोन्ही जोती पाण्याखाली होती, तिसरं तर कुठेतरी पार आत. मामा पहारीवर भार देऊन उभे राहिले. टेम्पोवाला माझ्याकडे बघायला लागला, मी बायकोकडे. मग मामा म्हणाले, "जुनी लाइन बदलली, गळती थांबली. पाव्हन्यांचं पाणी आलं. सोसायट्या बी वाचवाया लागल्या. मंग ऱ्हानारच की भरल्यालं." त्यात अभिमान होता की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी दोर आणि पोती टेम्पोतच राहू दिली.

परत येताना रस्त्याकडेच्या एका चहाच्या हॉटेलात थांबलो. हात धुवायच्या पिंपाचा नळ टपटपत होता. "पानी कुठलं रं?" मामांनी मालकाला विचारलं. "कुठलं म्हंजी? धरनाचंच," तो म्हणाला. मामा त्या नळासमोर उभे राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं नळासमोर नुसतं उभं राहिलेलं पाहिलेलं नव्हतं. माझी बायको जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मामा, राहू दे की आज. गळू दे थोडं." मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग नळाकडे. एक क्षणभर मला वाटलं, हा माणूस आज पहिल्यांदा नळ गळता सोडून जाणार. आणि खरं सांगतो, त्यानं तसं करावं असं मला फार वाटलं. मामांनी खिशातून डबी काढली. नळ खाली होता आणि गुडघे वाकत नव्हते, म्हणून एका हातानं त्यांनी भाचीचा खांदा धरला. "वायसर गेलंय," म्हणाले, आणि बसवून टाकलं.

मामांचं ऑपरेशन नीट झालं. आता ते काठी घेऊन खाली येतात आणि बागेच्या नळाजवळ बसतात. मागच्या मीटिंगमध्ये कुणीतरी त्या चौकोनी खड्ड्याचा विषय काढला. मुलं पडतील, बुजवून टाकू, असं म्हणणं पडलं. चेअरमननी नकार दिला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "लागंल." यावर कुणी काही विचारलं नाही. माझी बायको संध्याकाळी तांदूळ धुते आणि नळ घट्ट बंद करते. बंद केल्यावरही तिचा हात जरा वेळ त्या नळावर राहतो. ते उखळ एकदा वर यावं असं मलाही फार वाटतं. पण ते यायचं तर या सगळ्या शहराचे नळ कोरडे पडायला हवेत, आणि तसं होऊ नये म्हणून वरच्या मजल्यावरचा माणूस खिशात वायसरं घेऊन फिरतो.