टोकन नंबर ४१७

या ग्रुपवर सगळे जुन्या भिलाईच्या आठवणी लिहीत आहेत... बाजारात भाजी घेणाऱ्या रशियन मडमा, नवे कोरे रस्ते, घरात पहिल्यांदा लागलेला विजेचा दिवा. वाचायला छान वाटतं. माझी आठवण तशी नाही. आधीच सांगते, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. अंगात येणं, भूत दिसणं असलं काही कुणी काढलं की मी उठून जाते. त्यामुळे हे आजवर फक्त नवऱ्याला सांगितलं होतं.

कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आम्ही साकोलीकडचे. बाबा एका ठेकेदाराकडे खलाशी होते — दोर आणि कप्पी लावून अवजड सामान वर चढवायचं काम. राहायला पत्र्याची खोली. साइटच्या फाटकावर एक लाकडी बोर्ड होता, त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेकाचं पितळी टोकन. सकाळी आत जाताना आपलं टोकन काढून गळ्यात घालायचं, सुटी झाली की परत टांगायचं. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. बाबांचं ४१७. एकदा टांगायचं विसरले तर भरल्या ताटावरून उठून परत गेले होते. आई म्हणाली होती, "टोकनासंगच लगन लावाचं होतं मंग."

मी नऊ वर्षांची. रोज पाच वाजता फाटकाशी उभी राहायचे, बाबांच्या हातातला रिकामा डबा घ्यायला आणि त्यांच्यासोबत घरी यायला. उन्हाळ्याचे दिवस, लख्ख ऊन. त्या दिवशी सगळी माणसं बाहेर पडली आणि शेवटी बाबा आले. कमरेपर्यंत ओलं सिमेंट. हातात डबा नव्हता. गळ्यातलं टोकन काढलं, खिळ्याला टांगलं, दोरा नीट सरळ केला. मी हाक मारली. त्यांनी पाहिलं नाही. रस्त्यापलीकडे नळ होता, तिकडे हातपाय धुवायला गेले असतील म्हणून मी थांबले... अंधार पडेपर्यंत थांबले. बाबा आले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही.

बाबा बाहेर आलेले मी पाहिले, हे आईला पटलंच नाही; दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन फाटकावर गेली. "माहा माणूस आतच हाय साहेब, एकडाव पाहा तं खरं." हाजिरीबाबूने बोर्डाकडे बोट दाखवलं. "टोकन टंगा है, बाई. बाहर गया है." आई हलेना, तेव्हा त्याने मला विचारलं. मी खरं ते सांगितलं — हो, बाबा बाहेर आले, मी पाहिलं.

"लो, लड़की खुद बोल रही है," तो म्हणाला. विषय तिथेच संपला. आत कुणी शोधलंसुद्धा नाही.

मग लोकांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. पळून गेला, दुसरी ठेवली असेल. आई त्याच साइटवर रेजा म्हणजे मजूरबाई म्हणून लागली, डोक्यावरून गिट्टी वाहिली. कुंकू लावलं तर बाया हसायच्या, आणि पुसावं तर कुणी मेलं नव्हतं. माझ्यावर चिडली की एकच बोलायची, "तूनंच तं सांगतलं, बाप बाहेर गेला म्हणून." मरेपर्यंत तेच ऐकलं मी.

बाबांचे चुलतभाऊ श्रावणकाका त्यांच्याच टोळीत होते. पुढे ते परमनंट झाले, सेक्टर सहाला क्वार्टर मिळालं. आई गेल्यावर काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले, ते आजारी होते. काकूला चहा ठेवायला आत पाठवलं आणि म्हणाले,

"पोरी, तुहा बाप बाहेर आलाच नाही. तीन वाजता फळी तुटली अन् पायव्याच्या खड्ड्यात गेला. वरून काँक्रीट पडतच होतं. टोकन गळ्यातच होतं त्याच्या."

"मंग बोलले कावून नाही, काका?"

"मुकादम म्हणे, तोंड उघडशील तं उद्यापासून येऊ नोको. अन् सुटीनंतर पाहतो तं टोकन खिळ्याले. दोरा ओला, सिमेंटानं भरेल. मी हात नाही लावला त्याले."

काकूने चहा आणला. मी तो पिऊन निघाले. त्या चहाची मला अजून लाज वाटते.

मुकादमाने दुसरं टोकन बनवून टांगलं असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण मग माझ्यासमोर दोरा सरळ करणारे ते हात कुणाचे? नऊ वर्षांची असले तरी बापाला ओळखत होते मी. तुमच्याकडे उत्तर असेल तर खाली लिहा, फक्त "तुला भास झाला असेल" हे नको... ते मी सगळ्यांच्या आधी स्वतःला सांगून झालंय.

भीती कधी वाटली नाही. राग येतो. त्या खड्ड्यातून उठून फाटकापर्यंत येता आलं बाबांना. मी दहा पावलांवर उभी होते. एकदा माझ्याकडे बघून म्हणायचं होतं, आईला सांग, मी गेलो. तिला रडता तरी आलं असतं. पण नाही — त्यांनी टोकन टांगलं.