न जुळलेली सहा कोकरं

चष्मा कपाळावर सरकवून बाई संगणकाच्या अगदी जवळ जायच्या, पडद्यावर लाकडी पट्टी आडवी धरायच्या आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचायच्या. "ए, जी, जी, टी..." जनुकांचा क्रम लावणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत हे काम संगणक क्षणात करत असे. पण निकाल विचित्र आला की बाईंची पट्टी निघायची. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा. माझं वाचून होऊ दे, मग दोघं मिळून हसू."

तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. आवाज कधी चढत नाही, तरी वादातलं शेवटचं वाक्य त्याचंच असतं.

आमची प्रयोगशाळा शिरवळला, हमरस्त्यालगत. बाई मूळच्या जतकडच्या, मेंढपाळ घरातल्या. बैठकीत पुस्तकी मराठी. गावाकडचा फोन आला की मात्र "व्हय गं, लय वारं हाय हिकडं" सुरू व्हायचं. मी साताऱ्याचा, म्हणून मला त्या नावानं हाक न मारता 'सातारकर' म्हणायच्या. नमुने आणणं आणि नोंदी ठेवणं हे माझं काम.

जतच्या मेंढ्या बहुतेक एकच कोकरू देतात. एखादीच जुळी देते. ती का, हे आम्हाला रक्तातल्या त्या अक्षरांत शोधायचं होतं. त्यासाठी एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या कळपात दोन दिवस राहून मी मेंढी आणि तिचं कोकरू अशा जोड्यांचं रक्त आणलं होतं.

निकाल आले आणि सहा जोड्या जुळेनात. कोकराला प्रत्येक जागी एक अक्षर आईकडून मिळतं, एक बापाकडून. या सहा कोकरांत आईचं अक्षर हवं तिथं नव्हतंच.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रक्ताच्या नळ्या कुणी भरल्या?"

मीच भरल्या होत्या.

"मग बाकीच्या तरी खऱ्या कशावरून? सगळे नमुने रद्द करा. पुढच्या वेळी दुसरं कुणी जाईल." माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. अर्थ मला कळला.

"साहेब, दोन दिवस द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, चूक उघड आहे."

"चूक आहेच. कुणाची, ते उघड नाही."

दोन दिवस पट्टी पडद्यावरून हलली नाही. तिसऱ्या सकाळी त्यांनी मला खुर्ची ओढून बसवलं. "सातारकर, तोंड पाडू नका, इकडे बघा. दोन नळ्यांची अदलाबदल झाली असती तर दोन्ही जोड्या मोडल्या असत्या. इथं तसं नाही. हे कोकरू तुम्ही लिहिलेल्या मेंढीचं नाही, कळपातल्या दुसरीचं आहे. आणि त्या दुसरीच्या नावावर लिहिलेलं कोकरूही तिचंच आहे. सहाही ठिकाणी असंच. म्हणजे त्या सहाजणींना दोन दोन झाली आहेत. तुमच्या नळ्या बरोबर आहेत." मग थांबून विचारलं, "जोड्या ठरवल्या कशा?"

"संध्याकाळी कोकरं सोडली. जे जिला पिऊ लागलं, ते तिचं म्हणून लिहिलं."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसल्या. "मेंढरांत वाढले मी, आणि हे तुम्हाला सांगायचं राहिलं! चला जतला."

जतला पोचल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "मामा, कोकरू मेलं की मेंढीला काय करता?"

"काय करायचं? जिला दोन झाल्यात तिचं एक आणून हिला लावायचं. हिचंच दूध त्येच्या अंगाला चोळायचं, दोन दिस कोपऱ्यात एकत्र ठेवायचं. मग घेती जवळ."

"मग ह्यास्नी का न्हाई सांगितलं?"

"आवं, ह्येनी इचारलंच न्हाई की! शिकल्यालं मानूस खाली मान घालून लिवतंय, म्या कशाला मधी बोलू?"

मग कागद न बघता त्यानं सहाही कोकरांच्या आया दाखवल्या. संगणकानं काढलेल्या त्याच सहा. आम्ही शोधत होतो त्या जुळी देणाऱ्या मेंढ्या माझ्या नोंदीत एका कोकराच्या म्हणून लागल्या होत्या.

परतल्यावर बाई साहेबांना म्हणाल्या, "जे टाकायला निघालो होतो, तेच कामाचं निघालं. आता नोंदीत दोन रकाने ठेवू. व्यालेली मेंढी आणि पाजणारी मेंढी. आणि पुढच्या वेळीही हेच जातील." साहेबांनी मान हलवली. माझं कंत्राट वाढलं. बाईंनी त्या गोष्टीचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही.

या उन्हाळ्यात बाई गेल्या. आजारी आहेत हे आम्हाला कळेपर्यंत फार थोडे दिवस उरले होते.

मागच्या महिन्यात मी एकटाच जतला गेलो. म्हाताऱ्यानं गाडीच्या दुसऱ्या दाराकडं बघत विचारलं, "बाई न्हाई आल्या?" मी सांगितलं. तो पटका काढून, मांडीवर घेऊन बसला. मग उठला, कळपात शिरला आणि एक काळं कोकरू बगलेत घेऊन आला.

"ह्येची आई आठ दिसामागं मेली. आता त्या कानतुटकीचं पितंय." त्यानं माझ्या कागदावर बोट ठेवलं. "दोनी लिवा."

मेलेल्या मेंढीचं रक्त आता मिळणार नव्हतं. तिची नोंद आमच्या कामाची नव्हती. तरी मी आधी तिचाच रकाना भरला.