मेणात बसवलेली बोट

आमचे बाबा कवळ्या करतात. ते दातांचे डॉक्टर नव्हेत, हे आधीच सांगते, नाहीतर लोक लगेच तोंड उघडून दाढ दाखवायला लागतात. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेतात, ते माप बाबांकडे येतं, आणि त्यावरून बाबा प्लास्टरचा साचा ओततात, साच्यावर मेण चढवतात आणि मेणात एकेक दात बसवतात. त्यांचा कारखाना म्हणजे आमच्या घराची मागची खोली. एक लांब टेबल, एक वाकवता येणारा दिवा, पॉलिशचं मशीन आणि फळीवर रांगेने मांडलेले पन्नासएक जबडे. लहानपणी माझ्या मैत्रिणी आमच्याकडे अभ्यासाला यायच्या नाहीत, त्याचं कारण ते जबडे.

मेणातली कवळी आधी डॉक्टरांकडे परत जाते. माणूस ती घालून बघतो, बोलून बघतो, हसून बघतो. कुठे टोचलं, एखादा दात पुढे आला, तर मेण कोमट करून तो सरकवता येतो. एकदा पक्की केली की मग संपलं. म्हणून बाबांचं सगळ्या जगाबद्दल एकच म्हणणं: आधी मेणात, मग पक्कं. हे त्यांनी कवळीपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण घरात नवं कपाट घ्यायचं झालं तर आधी पुठ्ठ्याचं कपाट महिनाभर खोलीत उभं. दादाचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली नाही हेच नशीब.

मी शाळेत खेळ शिकवते. शिट्टी माझी मोठी, आवाज त्याहून मोठा, आणि राग तर नाकावरच. तेव्हा पुढे मी कुणावर ओरडले तर नवल वाटून घेऊ नका.

एका रविवारी बाबांनी जेवणाच्या टेबलावर तीन चकचकीत पुस्तिका मांडल्या आणि जाहीर केलं, "आपण सगळ्यांनी समुद्रातले प्राणी बघायला जायचं. बोटीने. आठ दिवस."

दादाच्या हातातला चमचा हातातच राहिला. कारण आमच्या घरात पाणी आणि सहल हे दोन शब्द एकत्र आले की पुढचं सगळं पाठ असायचं. आई म्हणणार, "मला बाई बोट लागते. तुम्ही जा, मी घरी राहते." बाबा म्हणणार, "मग हिला एकटीला कसं सोडू? मीही राहतो." मग दादा आणि मी काकांच्या गळ्यात. आईला आम्ही भित्री भागूबाई म्हणायचो. अगदी तोंडावर. ती हसायची आणि डब्याची झाकणं घट्ट लावायची.

आणि हीच बाई टीव्हीवर देवमासा दिसला की जागची हलत नसे. गॅसवर दूध उतू जायचं, दारावरची बेल वाजत राहायची, आणि आई आपली देवमाशाच्या पिल्लाशी बोलत बसलेली. "अरे, आईच्या जवळ राहा, लांब नको जाऊस." एखादा सील माशाच्या मागे लागला की माशाची बाजू, आणि दुसरं कोणी सीलच्या मागे लागलं की सीलची बाजू. तिच्या दुनियेत सगळ्यांनी जगायचं आणि कुणी कुणाला खायचं नाही.

"बाबा, आईला बोट लागते," मी म्हणाले.

"बघू," बाबा म्हणाले. "आधी बोट तर निवडू."

सहलीच्या कार्यालयातली बाई मोठी सरळ होती. सहलवाली म्हणायचो आम्ही तिला. तिने घरी येऊन, आमच्या टेबलाशी बसून तीनही बोटी समजावल्या. पहिली अवाढव्य. तीन हजार माणसं, पोहायचा तलाव, नाटकाचं थिएटर, दुकानं. दादाला तीच हवी होती. "आईला गच्चीवर आरामखुर्चीत बसून सगळं दिसेल," तो म्हणाला.

"दिसेल ना," सहलवाली म्हणाली. "दुर्बिणीतून. एवढं धूड खडकांच्या जवळ जात नाही. आणि किनाऱ्यावर एका वेळी थोडीच माणसं सोडतात. तुमची पाळी यायची तोवर सील झोपायला गेलेले असतील."

"नाकापेक्षा मोती जड," असं म्हणून बाबांनी ती पुस्तिका बाजूला सारली. दुसरी बोट मध्यम होती. वहिनी म्हणाली, "दगडापेक्षा वीट मऊ, हीच घेऊ." पण ती दहा वर्षांखालच्या मुलांना घेत नव्हती, आणि दादाची चिमणी आठ वर्षांची. चिमणीला सोडून जायचं म्हणजे घरात भूकंप.

तिसरी सगळ्यांत लहान. जेमतेम साठ माणसं, खोल्या आमच्या न्हाणीघराहून थोड्या मोठ्या. पण दिवसातून दोनदा रबरी होड्या पाण्यात सोडतात, बरोबर प्राण्यांचा जाणकार असतो, खडकांपाशी जाऊन इंजिन बंद करतात आणि गप्प बसतात. कधी कधी सील आपण होऊन होडीशी येतात, म्हणे.

"हलते का?" वहिनीने विचारलं.

"हलते. लहान बोट हलणारच, खोटं कशाला सांगू?"

चिमणीने निकाल देऊन टाकला. "मोठ्या बोटीत नुसती माणसंच बघायला मिळतील. माणसं मी रोज बघते."

बाबा तिच्याकडे असे खुशीत बघायला लागले की मला वाटलं, झालं, ठरली बोट. पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक अट होती. प्रत्येक प्रवाशाला बोटीच्या शिडीवरून हलत्या रबरी होडीत स्वतःच्या पायांनी उतरता आलं पाहिजे. हात द्यायला खलाशी असतो, तो उचलून घेणार नाही. सहलवालीने ती अट वाचली आणि आम्ही सगळ्यांनी आईच्या गुडघ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा बदलला होता.

"तुम्ही जा," आई म्हणाली. "मी घर सांभाळते."

"तू नाही तर कोणीच नाही," बाबा म्हणाले. आणि मग सहलवालीला, "त्या शिडीची मापं मिळतील का? मिलिमीटरमध्ये?"

बिचारीने कंपनीला विचारून मापं आणून दिली. आणि आमच्या मागच्या अंगणात बाबांनी बोट बांधायला घेतली. शिडीच्या पायऱ्या त्यांनी कशाच्या केल्या असतील? लाकडाच्या नाही, विटांच्या नाही. प्लास्टरच्या! ज्या प्लास्टरमध्ये ते जबडे ओततात त्याच्या. का तर म्हणे, माप अचूक येतं. माप आलंही अगदी अचूक. पहिल्या पायरीवर दादाने पाय ठेवला आणि तो तिच्यातून थेट जमिनीवर. कवळी चावायला असते, तिच्यावर ऐंशी किलोचा दादा उभा राहत नाही, हे आमच्या बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. चिमणी आठवडाभर हसत होती.

मग लाकडाच्या पायऱ्या आल्या. खाली ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा, त्यांवर फळी, ती हलवायला एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी. आईने पदर खोचला, बाबांनी धरलेल्या काठीला स्पर्शही न करता एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि फळीवर बसली. बस्स. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई खाली उतरली आणि म्हणाली, "झालं समाधान? आता ऐका. मला नाही यायचं."

तरी बाबांचं चालूच. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ते त्या फळीवर चढत होते, उतरत होते. वीसदा, तीसदा. "पायरीचा कोन बघतोय," म्हणायचे. मग दुपारी पुन्हा आईच्या मागे: "अगं, एकदा विचार कर." चौथ्या दिवशी माझं टाळकं सरकलं.

"बाबा, पुरे आता!" मी मैदानावर ओरडते तशी ओरडले. "ती नाही म्हणतेय ना? तिला भीती वाटते, बोट लागते, तिचा गुडघा आहे. तुमच्या हौसेसाठी किती छळाल तिला?"

बाबा फळीवर उभे होते. त्यांचा चेहरा एवढा पडला की मलाच कसंतरी झालं. आईने माझं मनगट धरलं आणि मला सरळ स्वयंपाकघरात नेलं.

"कोणाला बोलतेस तू?" ती म्हणाली. आई माझ्यावर क्वचित चिडते, त्या दिवशी चिडली होती. "काही माहीत आहे का तुला? मला बोट लागत नाही. कधीच लागली नाही. पाण्याची भीती त्यांना आहे."

मग तिने सगळं सांगितलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दोघं होडीने नदी ओलांडत होती. मध्यावर होडी जराशी डुगडुगली आणि बाबांनी फळी अशी पकडली की पलीकडे पोचल्यावरही सोडता सोडवेना. पांढरेफटक पडले होते. होडीवाल्याने आणि दोन उतारूंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. काठावरची माणसं पोट धरधरून हसली.

"त्याच दिवशी मी ठरवलं," आई म्हणाली, "माझ्या नवऱ्याला पुन्हा असं कोणी हसायचं नाही. तेव्हापासून मला बोट लागते."

"आणि आम्ही तुला भित्री भागूबाई म्हणायचो."

"म्हणा की. मला काय झालं त्याने?" तिने डोळे पुसले. "आता त्यांच्या मनाने घेतलंय की जन्मभर मी घरी राहिले, तर आता मला देवमासे दाखवायचे. ती अंगणातली शिडी माझ्यासाठी नाही गं. स्वतःसाठी चढतायत. आणि मला धडकी भरते. चिमणीसमोर, सुनेसमोर त्यांची फजिती झाली तर? मला नकोत ते देवमासे."

मला एवढी लाज वाटली की मी जाऊन बाबांपुढे नुसती उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं, पण बाबाच आधी बोलले. "साच्यावर सगळंच बसतं गं. तोंडात बसलं तर खरं. खरं पाणी पाहिजे."

शहराबाहेरच्या तलावावर होड्यांचा क्लब आहे. तिथे रबरी होडी होती. रविवारी आम्ही सगळे गेलो. सकाळची वेळ, वारा बऱ्यापैकी, होडी धक्क्याशी वर-खाली होत होती. दादाला आणि वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. दादा आपला नेहमीसारखाच सुरू झाला, "चला भागूबाई, आज तुमची परीक्षा!" मी त्याला असा चिमटा काढला की तो कळवळला.

आई उतरली. होडीवाल्याने हात पुढे केला, तिने तो धरला, पाय टाकला, बसली. दादा म्हणाला, "अरे वा!"

मग बाबा. अंगणात शंभरदा टाकलेला पाय त्यांनी उचलला. होडी खाली गेली. त्यांनी पाय मागे घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा मागे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि धक्क्याचा कठडा धरलेली बोटं पांढरी पडली होती.

"आजोबा, काही होत नाही, या," होडीवाला म्हणाला.

आई होडीत उभी राहायला लागली. "राहू द्या हो. मी येते वर. मलाच जरा मळमळतंय, मला बोट—"

"नाही," बाबा म्हणाले. मोठ्याने. ते आमच्याकडे वळले. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "भित्रा मी आहे. तुमची आई नाही. लहानपणापासून तुम्ही तिला चिडवलंत आणि मी शेजारी बसून ऐकलं. तिला बोट लागत नाही. ती माझ्यासाठी घरी राहिली. तुम्ही हसायचंच असेल तर मला हसा."

कोणी हसलं नाही. दादाचा चेहरा बघवत नव्हता. वहिनीने त्याचा दंड धरला. चिमणी तेवढी पुढे गेली आणि म्हणाली, "आजोबा, पोहायच्या पहिल्या दिवशी मी पण रडले होते. सरांना लाथ पण मारली होती."

"हो का?" बाबा म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. हसतानाच कठड्यावरची बोटं सुटली. आईने होडीवाल्याचा हात बाजूला केला आणि स्वतःचा पुढे केला. बाबांनी तो मनगटापाशी घट्ट धरला, पाय टाकला, होडी डुलली, आणि ते धपकन तिच्या शेजारी बसले. अंगावर अर्धा तलाव उडाला. आम्ही धक्क्यावर वेड्यासारखे ओरडत होतो आणि मी चक्क शिट्टी वाजवली.

दादाने तिथूनच सहलवालीला फोन लावला. "लहान बोट, बाई. लहानच. सहा माणसं," एवढं सांगून तो तोंड फिरवून उभा राहिला. होडीवाल्याने मग आम्हालाही आत घेतलं आणि इंजिन सुरू केलं.

तलावाच्या मध्यावर बाबांचे डोळे अजून मिटलेलेच होते. आई त्यांच्याकडे बघत होती. पाणी तिच्या कोपरापर्यंत उडत होतं.

"अहो," ती म्हणाली, "एक सांगू? दर वेळी मुलं निघून गेली ना, की मी खिडकीत उभी राहायचे. मला फार जावंसं वाटायचं हो."

बाबांनी डोळे उघडले. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "मी मागेच उभा असायचो."