टपालानं आलेलं अक्षर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीच्या एका कॉलेजात संगणक शिकवत होते. आमच्या प्रयोगशाळेतले सहायक मूळचे कडेगावचे, फौजेत वायरलेस सांभाळून निवृत्त झालेले हवालदार. आम्ही दोघांनी एक मराठी फाँट तयार केला. कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा. अक्षरं मात्र मी साताऱ्याच्या एका छापखान्यात, मालकांच्या विकतच्या प्रोग्रॅमवर रेखली होती. संगणकाच्या मागं एक छोटं इलेक्ट्रॉनिक कुलूप खोचल्याशिवाय तो प्रोग्रॅम सुरूच होत नसे.

"आवं मॅडम, मोकळी वस्तू कुलपात कशापायी बनवायची?" हवालदार विचारायचे.

"हत्यार कुणाचं का असेना, वस्तू मोकळी आहे ना?" मी त्यांना गप्प करायची.

मग औंधच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. त्यांच्या शाळेच्या अंकात एका मुलीनं लिहिलं होतं, पाचगणीला खोल दऱ्या आहेत. आमच्या फाँटात 'ऱ्या' नव्हताच, त्यामुळे छापून आलं, 'खोल दर्या आहेत'. 'पाचगणीला समुद्र कवा आला, असं पालक विचारतात,' बाईंनी लिहिलं होतं. 'मूळ फाईल पाठवा, मीच दुरुस्त करते.'

मी मोठ्या ऐटीत फ्लॉपी पाठवली. उलट टपाली उत्तर आलं : 'फाईल उघडत नाही. तो प्रोग्रॅम आमच्याकडे नाही. मग तुम्ही मोकळं नेमकं काय दिलंत?'

वाचताना माझे कान तापले. स्वतःच दुरुस्ती करावी म्हणून एसटीनं सातारा गाठला. मालकांनी संगणक नवा घेतला होता आणि जुनं कुलूप त्याला चालत नव्हतं. "तुमची अक्षरं हितंच हायत, पर उघडत न्हाईत बघा," ते ओशाळून म्हणाले. मी हातानं रेखलेली अक्षरं मलाच दिसेनात!

हवालदारांनी मला टोमणा मारला नाही. त्यांनी फक्त आलेखाचा कागद पसरला. कुठल्या बिंदूपासून कुठवर वळायचं हे साध्या मजकुरात लिहिलं की अक्षर काढून देणारा एक खुला प्रोग्रॅम त्यांनी मिळवला होता. महिनाभर आम्ही बाराखडी पुन्हा रेखत बसलो. बाईंना त्या खुल्या प्रोग्रॅमच्या माहितीच्या झेरॉक्स पाठवल्या, आणि एक दिवस आंतर्देशीय पत्रातून त्यांचा 'ऱ्य' आला. नुसते आकडे, अकरा ओळी.

हवालदार वायरलेसवर बोलावं तसे ओरडून सांगू लागले, "शून्य, चार, दोन, ओव्हर!" मी टाइप करत गेले. पडद्यावर बेडकाच्या पिल्लासारखं शेपटीवालं काहीतरी उगवलं. माझा एक आकडा चुकला होता. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या खेपेला अक्षर देखणं उतरलं.

हवालदारांचं सगळं म्हणणं मला आजही पटत नाही. छापखान्यातला तो प्रोग्रॅम नसता तर मी सुरुवातच केली नसती, असं मी त्यांना म्हणालेही.

"व्हय की," ते म्हणाले, "पर ते कुलपातच ऱ्हायलं असतं तर बाईंनी हात कुटं घातला असता?"

मी चहा सांगितला.