दिल्लीचं ‘नाही’

आमच्या खासदारांचे दिल्लीतले प्रश्न आणि त्यांना मिळालेली सरकारी उत्तरं, यांचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. ते आपोआप साचले, कारण त्यातली बरीच उत्तरं मीच लिहिली होती.

त्याचं असं झालं. दिवसा मी उल्हासनगरच्या कॅम्पात, निर्वासितांच्या एका कचेरीत कारकून. संध्याकाळी अंबरनाथला आबासाहेबांकडे, म्हणजे आमच्या विरोधी खासदारांकडे, चोरून टायपिंग. मी टाइप केलेला प्रश्न दिल्लीला जायचा. दिल्ली मुंबईला विचारायची, मुंबई ठाण्याला, ठाणं आमच्या साहेबांना. साहेब तो कागद माझ्या टेबलावर टाकून म्हणायचे, "कोण मूर्ख असले प्रश्न काढतो, कोण जाणे."

मी म्हणायचो, "खरंय साहेब."

*

एकदा आबासाहेबांनी विचारलं, आमच्या भागातल्या एका सरकारी कारखान्यात पंखे किती? उत्तर आलं, ही माहिती उघड करणं देशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नाही!

त्याच कारखान्यातला मोरिवलीचा एक कामगार आबासाहेबांकडे बाकावर बसला होता. तो म्हणाला, "मी सांगतो ना. तीन हायेत. फिरतो येकच."

*

बदलापूरला मांजर्लीत नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा आबासाहेबांनी पूरनियंत्रणाच्या राष्ट्रीय धोरणावर प्रश्न टाकला. उत्तर आलं ऐन मे महिन्यात. "सध्या पूर नाही. प्रश्न उद्भवत नाही."

आबासाहेबांनी ते मांजर्लीत जाऊन वाचून दाखवलं. एका शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, "ह्ये पावसाला कलवलंय का?"

*

आमच्या साहेबांची एक पद्धत होती. "हे खरे आहे काय?" याच्यापुढे कायम "नाही" लिहायचं. "होय" लिहिलं की "असल्यास कारणे", "असल्यास उपाय" ही खालची सगळी पोटकलमं अंगावर येतात. "नाही" लिहिलं की प्रत्येकाखाली "प्रश्न उद्भवत नाही". पाच मिनिटांत टपाल रवाना, आणि साहेब चहाला मोकळे.

*

याच पद्धतीत जेठीबाई सापडली. सिंधी विधवा, बराकीतल्या एका खोलीत एकटी राहायची. नवं धोरण आलं, एकट्या बायकांना आश्रमात हलवावं आणि खोल्या मोठ्या कुटुंबांना द्याव्यात. जेठीबाई हलायला तयार नव्हती. तिचा मुलगा फाळणीत कराचीच्या बंदरावर चुकला होता, आणि त्याच्या शोधासाठी तिने जितकी पत्रं पाठवली, त्या सगळ्यांवर याच खोलीचा नंबर होता.

आबासाहेबांनी प्रश्न टाकला. "एकट्या निर्वासित स्त्रियांना खोल्यांतून काढले जात आहे, हे खरे आहे काय?" कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. मी पद्धतीप्रमाणे "नाही" लिहिलं, साहेबांनी सही केली. दिल्लीत मंत्र्यांनी तेच वाचून दाखवलं. ते छापून आलं तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली. आबासाहेबांनी छापील उत्तर जेठीबाईला दिलं आणि म्हणाले, "माई, आता माझ्या हातात काही नाही."

पुढच्या आठवड्यात साहेब कुलूप घेऊन बराकीत गेले. मी यादी घेऊन मागे. जेठीबाई दारातच खाट टाकून बसली होती. तिने छापील कागद पुढे केला.

"साईं, दिल्ली बोलती है, किसी को निकाला नहीं जाता. फिर तुम किसको निकालता है?"

साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, "ये गलत छपा है."

"तो लिख के दो," जेठीबाई म्हणाली, "सरकार ने झूठ बोला."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, थोडा वेळ धरलं आणि परत खिशात ठेवलं. कुलूप माझ्या हातात दिलं आणि पुढच्या खोलीकडे निघाले.

तिथल्या म्हातारीच्या हातातही तोच कागद होता. तिच्या पलीकडच्या दारातही एक उभी होती, तिच्याही हातात. हे कागद मात्र छापील नव्हते, टाइप केलेले होते. साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी यादी वाचत होतो.