अर्ध्या दाढीचा माणूस

उस्मानभाई गेल्याचा फोन नारायणनं केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मयतीला माणसं किती होती? हा प्रश्न बरा नाही हे मला विचारतानाच कळलं, पण तोवर नारायण सांगू लागला होता. मशिदीपासून पार रस्त्यापर्यंत माणसं, खाडीपलीकडच्या गावांतूनही होड्या करून आलेली. तो स्वतः कराडहून एसटीनं रत्नागिरीला गेला होता, गुडघे दुखत असताना. "मास्तर, तुम्ही पण जाऊन या एकदा," तो म्हणाला. मी हो म्हटलं, आणि मनात आलं की माझ्या वेळेला हा कराडहून काही निघणार नाही. आता दोन महिने होत आले, तरी ते डोक्यातून गेलेलं नाही...

आमची ओळख कतारमधल्या दोह्यातली, ऐंशीच्या सुमाराची. अल नस्रमधल्या एका इमारतीत आम्ही सहा जण एका खोलीत राहत होतो. नारायण प्लंबर, उस्मानभाई ड्रायव्हर, मी बांधकाम कंपनीत क्लार्क. खोलीत इंग्रजी पुस्तकं वाचणारा मी एकटा, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. करार असो, व्हिसाचा कागद असो, तो आधी माझ्या हातात यायचा. हे महत्त्व मला आवडत होतं. मग उस्मानभाईंचा साहेब, एक अमेरिकन इंजिनिअर, त्यांना व्हिडिओ कॅसेटी देऊ लागला. साहेबाचा भाऊ तिकडच्या टीव्हीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून पाठवायचा. अमेरिकेतल्या गुन्हेगारी टोळ्यांचा इतिहास होता त्यांत. अर्धा भाग जुन्या फोटोंचा आणि पेपरातल्या कात्रणांचा, अर्धा नटांकडून करवून घेतलेला. मधूनमधून ओव्हरकोटातला एक निवेदक शिकागोच्या फुटपाथवर उभा राहून अशा जड चेहऱ्यानं बोलायचा, की खून त्याच्या सख्ख्या मामाचाच झाला असावा. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंगचे रंग आमच्या टीव्हीवर येत नसत. त्यामुळे फोटो आणि नट सारखेच काळेपांढरे दिसत आणि खरं कुठलं, वठवलेलं कुठलं, हे सांगितल्याशिवाय कळत नसे.

ते सांगायचा मान माझा होता, असं मला वाटत होतं. पण शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवणं झाली की उस्मानभाई टीव्हीशेजारी लाकडी स्टूल ओढून बसत, आवाज पूर्ण बंद करत, अरबीत "यल्ला", म्हणजे चला, म्हणत आणि सुरू होत. इंग्रजी त्यांना साहेबाला विमानतळावर सोडून आणण्यापुरतं येत होतं. त्याची त्यांना अडचण कधी भासली नाही. न्यूयॉर्कच्या धक्क्यावरची टोळी म्हणजे त्यांच्या खाडीवरचे होडीवाले, आणि दारूबंदीतला चोरटा माल म्हणजे त्यांच्या चुलत्यानं एकदा वाळूत पुरलेली पिंपं. निवेदक आला की ते म्हणत, "हा आला. ह्याला सगळा म्हायत, पण पोलिसांना सांगणार नाय." माणसं हसून लोळायची. शेजारच्या दोन खोल्यांतले लोकही यायचे, दारात चपलांचा ढीग पडायचा. मीही हसायचो, थोडा उशिरा. त्यांच्या पायाशी टेपरेकॉर्डर चालू असे. तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून रजेवर जाणाऱ्याच्या हाती घरी द्यायची पद्धत होती. बाकीचे 'मी खुशाल आहे'च्या पुढे अडखळत आणि उरलेल्या पट्टीवर गाणी भरून पाठवत. उस्मानभाई बायकोला शुक्रवारची अख्खी गोष्टच पाठवायचे.

पहिल्या कॅसेटमध्ये टोळीचा एक म्होरक्या न्हाव्याच्या खुर्चीत गोळ्या खाऊन मरतो, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. आमच्या खोलीत त्याचं नाव अर्ध्या दाढीचा पडलं आणि त्याच्या जाण्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं. तिसऱ्या कॅसेटमध्ये तोच नट पोलीस अधिकारी होऊन आला. निर्मात्यांनी खर्च वाचवला होता, इतकंच. उस्मानभाई मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा, दाढी पुरी करून आला." त्या दिवसापासून तो मेलेला नव्हताच. तो लपला होता, बरा झाला होता, पोलिसात भरती झाला होता आणि आपल्याला मारणाऱ्यांना एकेक करून शोधत होता. पुढे तो नट जिथे म्हणून दिसला, मग तो वकील असो की वेटर, तिथे अर्ध्या दाढीचा वेष बदलून आलेला असे. माणसं आठवडाभर त्याच्याबद्दल बोलायची. एकदा पाईपला आटे पाडताना नारायण मला विचारत होता, आता तो मारेकऱ्याच्या धाकट्या भावाला सोडेल का हो?

दोन महिने मी सहन केलं. त्या काळात मी या विषयावरची दोन जाडजूड पुस्तकं मिळवून वाचली, टिपणं काढली. आणि एका शुक्रवारी, खोली खच्चून भरलेली असताना, मी मागून म्हणालो, "उस्मानभाई, तो मेला. पहिल्याच कॅसेटमध्ये मेला. हा नट तोच आहे, पण माणूस वेगळा. याचं नाव वेगळं, गाव वेगळं."

मग नारायण म्हणाला, "म्हणजे इतके शुक्रवार आपण कुणाला बघत होतो?"

उस्मानभाई स्टुलावरून उठले. "मास्तरांनी वाचलाय," ते म्हणाले. "मास्तर, तुम्ही बसा." त्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी नंतर कितीतरी दिवस शोधला, मला सापडला नाही. मी बसलो आणि टिपणांसकट सगळा खरा इतिहास सांगितला. एकही चूक केली नाही. पुढच्या शुक्रवारी उस्मानभाई मुशैरिब भागात गाववाल्यांकडे गेले आणि माझ्यासमोर चार माणसं होती. त्यापुढच्या शुक्रवारी नारायण एकटा, तोही झोपलेला. लोकांनी उस्मानभाईंना पुन्हा बसा म्हणून विनवलं, तेव्हा ते "मास्तर आहेत की" एवढंच म्हणाले. स्टूल मी जिंकलं होतं. नारायण त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागला. पुढे साहेबाची बदली झाली, कॅसेटी थांबल्या, आम्हीही एकेक करून पांगलो. माफी मागायचं माझ्या मनात अनेकदा आलं... पण चूक तर त्यांची होती, असं म्हणून मी दरवेळी सुटलो.

मागच्या आठवड्यात त्यांच्या गावी जाऊन आलो. भाभींना मी कधी पाहिलं नव्हतं, पण मी नाव सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "मास्तर ना? आवाजावरून ओळखलं." मग उठून त्यांनी आतून टेपरेकॉर्डर आणला आणि एक कॅसेट लावली. त्या शुक्रवारीही उस्मानभाईंचा टेपरेकॉर्डर पायाशी चालूच होता, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खोलीतला हशा ऐकू आला, आणि त्यावर माझा आवाज, तो मेला, पहिल्याच कॅसेटमध्ये मेला... माणूस बरोबर बोलताना किती अप्रिय वाटू शकतो, हे मी प्रथमच ऐकत होतो. पुढे माझा इतिहास, सनावळीसकट. तो संपला, चपलांचे आवाज झाले, दार लागलं आणि मग अगदी जवळून, दबक्या आवाजात उस्मानभाई बायकोशी बोलले, आणि भाभी त्यांच्याबरोबर तेच शब्द म्हणत गेल्या. "मास्तर बोलतात ता खरा आसंल. पण तू मनाला लावून घेव नको. तो मेलेला नाय. पुढचा मी घरी आल्यावर सांगतो."

"सांगितलं का मग?" मी विचारलं.

"दर रजेला थोडा थोडा," भाभी म्हणाल्या. "कायमचे आले, तरी संपला नव्हता."

आणि मला त्या जुन्याच जागी पुन्हा दुखलं. मी सगळं खरं सांगितलं होतं, पण पुढचं ऐकायला माझी वाट कोणी पाहिली नव्हती.

निघताना मी ती कॅसेट पुन्हा एकदा लावायला सांगितली. तेव्हा लक्षात आलं, की माझं सगळं भाषण अजून नव्यासारखं स्वच्छ ऐकू येतं. शेवटच्या चार वाक्यांवर मात्र पट्टी इतकी झिजली आहे, की उस्मानभाईंचा आवाज थरथरतो आणि 'तो मेलेला नाय' हे माहीत असेल त्यालाच ऐकू येतं.