पापडाच्या मापाची पानं

जुनं यंत्र टाकून द्या म्हणणाऱ्यांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. ते यंत्र कशाला लागतं, एवढंही त्यांनी कधी विचारलेलं नसतं. मी रोह्याला राहते, माझी आत्या पेणला. माझा ई-रीडर मी तिला दिला तेव्हाच तो बाजारातून बाद झाला होता. राखाडी पडदा, पान उलटायला कडेला बटणं. पडद्याला बोट लावून काहीही होत नाही, आणि हाच त्याचा मोठेपणा.

आत्याच्या पडवीत उन्हाळ्यात शेजारच्या बायका पोह्यांचे पापड लाटायला जमतात. पीठ कुटायचं, तेलाचा हात लावून त्याची लांब वळी करायची, दोऱ्यानं लाट्या कापायच्या आणि पोळपाट पुढे ओढायचे. आत्याचं मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही, तेव्हापासून तिला लाटणं जमत नाही. ती लाट्या कापते आणि सगळ्यांना वाचून दाखवते. वाचणारीही कामकरीच, असं बायकांनीच ठरवून टाकलंय. छापील अक्षर तिला आता दिसत नाही आणि मोबाइल उजेडात नुसता चकाकतो. या पाटीवर (बायका त्याला पाटीच म्हणतात) अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि हात तेलानं माखले असले तरी बोटाच्या पेरानं बटण दाबता येतं.

तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, रोह्याजवळ वरसेला फ्लॅटमध्ये राहतो. मनानं चांगला आहे, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. "आईला पेणला आता काय काम आहे?" हे त्याचं पालुपद. त्यावर आमच्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे वाचन. वाचन थांबलं की आत्याची रवानगी वरसेला, वरच्या मजल्यावर, टीव्हीसमोर. तिला ते नको होतं आणि मलाही ते होऊ द्यायचं नव्हतं.

आणि नेमकं वाचन थांबायची वेळ आली. त्या यंत्रासाठी बनवलेली मराठी पुस्तकं होती तेवढी वाचून झाली, नवी पुस्तकं ते उघडेचना. फाइलचा फॉरमॅट बदललाय म्हणे. मी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही. तुम्ही नवीन घ्या."

"अहो, पण चालतंय की हे!"

"हो मॅडम, पण सपोर्टमध्ये नाही."

मी फोन ठेवला आणि कंप्युटर उघडला. म्हटलं, बघतेच आता.

लेखकांनीच फुकट वाचायला खुली केलेली पुस्तकं मी उतरवली आणि जुन्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट केली. फाइल उघडली, पण आत मराठीचं भरीत! वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. त्याच्यासाठी खास बनवलेली पुस्तकं सोडली, तर त्या यंत्राला आपली अक्षरं जोडताच येत नव्हती. नसू देत. मी ते काम त्याच्याकडून काढूनच घेतलं. पडद्याच्या मापाची पानं आखली, अक्षर चांगलं ठसठशीत केलं, अक्षरं कंप्युटरवरच जोडून घेतली आणि सगळ्याची पीडीएफ केली. आता यंत्राला फक्त पान जसंच्या तसं दाखवायचं होतं. पहिलं पान स्वच्छ उमटलं तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या पिटत होते.

पाटी पेणला पोचवली. पुढच्या रविवारी मी पडवीत पाऊल टाकलं, तोच बायका अंगावर आल्या.

"काय गो, काय घातलंस त्या पाटीत? हात मोडले आमचे!"

आमच्या पडवीत पापडाला घड्याळ नाही, पान आहे. आत्यानं एक पान वाचून संपवायचं, तोवर प्रत्येकीचा एक पापड झाला पाहिजे. मी अक्षर पहिल्यापेक्षा मोठं केलं, पानावर मजकूर थोडाच उरला, पानं भराभर उलटू लागली आणि त्यांच्यामागे लाटणी धावू लागली. ही रीत मी लहानपणापासून बघत आलेय, पण कंप्युटरसमोर बसल्यावर आठवेल तर शपथ.

"थांबायचं ना मग," मी आत्याला म्हटलं.

"मधीच कशी थांबू?" आत्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "पान संपलं की उलटायचं."

मी अक्षर बारीक करून देते म्हटलं, तर सगळ्याच एका सुरात नाय म्हणाल्या. आत्याचे डोळे त्यांनाही ठाऊक होते. शेवटी त्यांच्यातल्या थोरल्या बाईनं निकाल दिला, "दोन पानांना एक पापड." विषय संपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आतेभाऊ आला. मीही तिथेच होते. त्यानं आईसाठी नवा कोरा, बिनबटणांचा रीडर आणला होता. "हा घे, आणि चल आता वरसेला. वाचायचं काय, तिथेही वाचता येईल." आत्यानं तेलकट बोट पडद्यावर टेकवलं. पान हलेना. दुसऱ्यांदा जोरात टेकवलं, तर गोष्ट एकदम पुढच्या प्रकरणात गेली. बायका फिदीफिदी हसल्या.

"आई, हात धुवून घे ना."

"दर पानाला हात धुवू? आनि लाट्या कोन कापंल?"

"तुला कशाला हव्यात आता लाट्या? आराम कर."

आत्यानं एक लाटी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि पोळपाट सरकवला. "बस हितं. दोन पानं संपायच्या आत एक पापड लाटून दाखव. जमला तर आजच्या आज तुझ्याबरोबर येते."

तो हसत हसत बसला. आत्यानं जुनी पाटी मांडीवर घेतली आणि रोजच्याच चालीनं वाचू लागली, ना घाई ना रेंगाळणं. पहिलं पान संपेपर्यंत लाटी त्याच्या लाटण्याला चिकटली होती. दुसरं संपलं तेव्हा पोळपाटावर जे होतं, त्याला मधोमध भोक होतं.

कुणीही हसलं नाही. आत्यानं तो पापड अलगद उचलून इतरांच्या शेजारी उन्हात घातला. "वाळला की घेऊन जा घरी," ती म्हणाली. "परत येशील तेवा पुन्यांदा लाट."

त्यानं नवा रीडर गुपचूप खोक्यात घातला. आत्यानं माझ्याकडे बघत पेरानं बटण दाबलं.

"पुढलं पुस्तक जाडजूड आन गो," ती म्हणाली. "लय पानांचं. मी हाय हितं."